वाढत्या अंगाचा हिशेब

आपल्या या पुरवणीत नाटकांची परीक्षणं येतात, गाण्याच्या मैफलींची येतात, अधूनमधून एखाद्या पुस्तकाचंही येतं. या वेळी मी परीक्षणासाठी घेतला आहे तो एक सेल. हसू नका. लहान मुलं असलेली आपली कितीतरी कुटुंबं वर्षातून दोनदा मुलांच्या कन्साइनमेंट सेलला जातात, पण त्याबद्दल कोणी चार ओळी लिहिलेल्या निदान माझ्या तरी पाहण्यात नाहीत. नाटकाला गेलो की आपण दहा जणांना सांगतो. सेलला गेलो की पिशवी गाडीच्या डिकीतून थेट वर नेतो. ज्या गोष्टीबद्दल माणसं गप्प बसतात तिची जरा चिकित्सा करावी, म्हणून हा प्रपंच.

ज्यांची मुलं कॉलेजात गेली आहेत किंवा अजून व्हायची आहेत, त्यांच्यासाठी थोडी ओळख. गराज सेलमध्ये माल आपला, जागा आपली आणि दिवसभर उन्हात खुर्ची टाकून बसायचंही आपणच. ‘वन्स अपॉन अ चाइल्ड’सारख्या साखळी दुकानांत आपण पिशवी नेतो, ते त्यातलं हवं ते निवडतात आणि रोख पैसे हातावर ठेवतात. कन्साइनमेंट सेल या दोहोंच्या मधला. माल विकला जाईपर्यंत आपल्याच मालकीचा राहतो. जागा, गिऱ्हाईक आणि गल्ला आयोजकांचा. विकला गेला तर वाटणी, नाही गेला तर आपला माल आपण घरी न्यायचा. हे सेल बहुधा वसंतात एकदा आणि शरदात एकदा भरतात: चर्चच्या सभागृहात, शाळेच्या जिममध्ये, नाहीतर फेअरग्राऊंडवर. काही सेल एखाद्या चर्चच्या किंवा शाळेच्या मदतीसाठी असतात, काही निव्वळ धंदा म्हणून. १९९७ साली ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात दोन मैत्रिणींनी घरातल्या दिवाणखान्यात असाच एक सेल मांडला. त्यातून ‘जस्ट बिट्वीन फ्रेंड्स’ ही देशभर शाखा असलेली कंपनी उभी राहिली. यावरून या कल्पनेत किती दम आहे ते लक्षात यावं.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात राहतो. आमच्या दोन मुलांच्या निमित्ताने मी या सेलमध्ये विकणारा, घेणारा आणि स्वयंसेवक अशा तिन्ही भूमिका केल्या आहेत. दिवसभर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला या व्यवस्थेचं पहिलं दर्शन सुखावणारं असतं. प्रत्येक विक्रेत्याला एक क्रमांक. प्रत्येक वस्तूला जाड कागदावर छापलेला टॅग. त्यावर विक्रेत्याचा क्रमांक, साइझ, वर्णन, किंमत आणि बारकोड. कपडा हँगरवर, हँगरचा आकडा प्रश्नचिन्हासारखा, डावीकडे तोंड करून. पँट सेफ्टी पिनांनी हँगरला टाचलेली. कोड्याचे तुकडे झाकबंद पिशवीत, पिशवी चिकटपट्टीने बंद. बॅटरीवर चालणारं खेळणं असेल तर आत चालू बॅटरी हवीच. शेवटच्या दिवशी ही वस्तू अर्ध्या किमतीत द्यायची का, आणि उरली तर दान करायची का, हे दोन प्रश्न आधीच विचारलेले आणि त्यांची उत्तरं टॅगवरच छापलेली. शेकडो घरांतून हजारो वस्तू येतात, चार दिवसांत त्यांची वाटणी होते आणि पाचव्या दिवशी सभागृह रिकामं. ज्यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही अशा माणसांकडून इतकं शिस्तशीर काम करून घेणारी व्यवस्था बांधणं सोपं नाही, हे मी धंद्याच्या अनुभवावरून सांगतो.

पैशाचं म्हणाल तर हिशेब फार मोठा नाही. समजा, आपण साठ वस्तू टॅग केल्या, सरासरी किंमत चार डॉलर, आणि त्यातल्या चाळीस विकल्या गेल्या. झाले एकशे साठ डॉलर. विक्रेत्याचा वाटा बहुतेक ठिकाणी साठ ते सत्तर टक्के असतो, पासष्ट धरू. म्हणजे एकशे चार. नोंदणीचे बारा वजा केले की हातात ब्याण्णव. धुणं, इस्त्री, टॅग, पिना, ने-आण यांत आठ तास गेले, तर तासाला साडेअकरा डॉलर पडले. ज्याच्या घरात दोघंही नोकरी करतात त्याने हा उद्योग पैशासाठी केला असं म्हणणं कठीण. मग माणसं हे का करतात? इथून खऱ्या परीक्षणाला सुरुवात होते.

मूल पहिल्या वर्षात जन्माच्या वजनाच्या साधारण तिप्पट होतं आणि लांबीने दीडपट. त्या वेगाने कुठलाच कपडा वाढू शकत नाही. आपल्या आज्यांनी आणि शिंप्यांनी यावर काढलेला तोडगा आपल्या सगळ्यांच्या अंगावरून गेला आहे: कपडा ‘वाढत्या अंगाचा’ शिवायचा. फ्रॉकच्या घेराला आत दुमडलेली चार बोटं, पँटच्या पायाला तीन, आणि शिवणीच्या आत दोन्ही बाजूंना सोडलेलं जादा कापड. या जादा कापडाला आपल्या भाषेत ‘माया’ म्हणतात. “शिवणीत जरा माया ठेवा हो,” असं आई शिंप्याला सांगायची तेव्हा तो शब्द दोन अर्थांचा आहे हे कोणाच्या डोक्यातही येत नसे. दर वर्षी उसवायचं, सोडायचं, पुन्हा शिवायचं. कपड्याला मूल पुरं पडेनासं झालं की धाकट्याकडे, मग चुलत भावंडांकडे, मग पोतेऱ्याकडे. किंवा दारावर बोहारीण आली की तिच्या टोपलीतल्या स्टीलच्या पातेल्यासाठी घासाघीस.

इथला तयार कपडा असा नाही. ओव्हरलॉक यंत्राने शिवण घालतानाच कापडाची कड कापली जाते. आत सोडायला काही उरतच नाही. त्यात माया नाही. तीन महिने, सहा महिने, नऊ महिने, बारा महिने असे साइझ आहेत. मूल वाढलं की कपडा वाढवायचा नाही, बदलायचा. अशा कपड्याच्या जगात मुलाची वाढ म्हणजे दर चार महिन्यांनी एक ढीग. मला वाटतं, कन्साइनमेंट सेलचं खरं काम हे आहे. शिवणीतून काढून टाकलेली माया त्याने सभागृहात आणून ठेवली. माझ्या मुलाला पुरेनासा झालेला कोट चार मैलांवरच्या मुलाला ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून मिळतो. जे काम एका कुटुंबातली पाच भावंडं करायची ते काम आता एक गाव करतं. आपल्यासारख्यांना तर याची गरज दुप्पट. इथे आपली चुलत भावंडं नाहीत, मामेभावंडं नाहीत. मुलं एक किंवा दोन. उतरंडीतली पुढची पायरीच नसते.

सेलची दुसरी जमेची बाजू विश्वासाची. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक गाजलेला निबंध लिहिला. विकणाऱ्याला दोष ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, असा बाजार हळूहळू खराब मालानेच भरतो, असं त्याचं म्हणणं. मुलांच्या वस्तूंत हा धोका मोटारीपेक्षा कमी नाही. पाळणा वरून ठीक दिसतो. पण एक बाजू खाली सरकणाऱ्या पाळण्यांत बाळं अडकून दगावली, आणि जून २०११पासून लागू झालेल्या नियमांनी असे पाळणे नवे काय, जुनेही विकायला बंदी आली. २००७ साली शिसं असलेल्या रंगाची लाखो खेळणी परत मागवली गेली. त्यानंतर २००८ साली कडक कायदा झाला, आणि जुने कपडे विकणाऱ्या लहान दुकानांचे धाबे दणाणले: आता प्रत्येक झबलं प्रयोगशाळेत तपासायचं की काय? जानेवारी २००९मध्ये ग्राहक सुरक्षा आयोगाने खुलासा केला की जुन्या वस्तू विकणाऱ्यांना चाचणीची सक्ती नाही, पण परत मागवलेली किंवा मर्यादेपेक्षा जास्त शिसं असलेली वस्तू विकता येणार नाही. एप्रिल २०१९मध्ये सत्तेचाळीस लाख ‘रॉक अँड प्ले’ झोपाळे परत मागवले गेले, तेव्हा ते कित्येक घरांच्या बेसमेंटमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या बाळाच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. चांगल्या सेलमध्ये मालाच्या टेबलावर कोणीतरी परत मागवलेल्या वस्तूंची यादी घेऊन बसलेलं असतं, कारसीटवरची मुदत वाचतं, टोपीच्या दोऱ्या तपासतं. मैत्रिणीने प्रेमाने दिलेला पाळणा आपण कधी असा तपासतो का? ओळखीत संकोच आड येतो. अनोळखी माणसांच्या सेलमध्ये तो येत नाही. हा गुण मी मोठा मानतो.

इतकं झाल्यावर दोषांकडे वळतो. माझे आक्षेप तीन आहेत.

पहिला आक्षेप किमतीच्या रकान्यावर. टॅगवर वर्णन लिहिताना ब्रँड आधी लिहा, अशी सूचना बहुतेक ठिकाणी असते, आणि ती व्यवहाराच्या दृष्टीने बरोबरच आहे. अनोळखी घेणाऱ्याला कापड कसं टिकेल याची दुसरी खूण नसते. पण याचा परिणाम पाहा. माझ्या आईने थोरल्यासाठी विणलेला लोकरी स्वेटर मी एकदा सेलला नेला होता. जाळीची वीण, कोपरांशी दुहेरी लोकर, एक टाका उसवलेला नाही. ब्रँडच्या जागी काय लिहायचं? शेजारच्या स्वयंसेविकेने अगदी आपुलकीने सुचवलं, “दोन डॉलर लावा, जाईल.” त्याच रांगेत एका मोठ्या कंपनीचा, बाह्यांना गोळे आलेला स्वेटर आठ डॉलरला होता. यात कोणाची चूक नव्हती. मी टॅग काढला आणि स्वेटर घरी आणला. व्हिव्हियाना झेलायझर या समाजशास्त्रज्ञ बाईंचं १९८५ सालचं एक पुस्तक आहे, मुलांचं मोल ठरवण्याच्या इतिहासावर. कमावणारं मूल म्हणून ज्याची किंमत होती ते मूल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पैशात न मोजता येणारं झालं, असं त्या दाखवतात. हा सेल म्हणजे त्या गोष्टीचं पुढचं पान आहे. मूल अमोल, पण त्याच्या अंगावरून उतरलेली प्रत्येक गोष्ट अडीच डॉलर, साडेतीन डॉलर. आणि या मोजणीत हाताने केलेल्या वस्तूला जागाच नाही. झबलं, टोपडं, कुंची, खणाचं परकर-पोलकं यांना ना ब्रँड, ना साइझ. म्हणजे आपल्याकडून आलेलं जे सर्वांत जास्त वेळ खाऊन बनलेलं असतं, तेच या पद्धतीत सर्वांत स्वस्त ठरतं.

दुसरा आक्षेप रांगेवर. सेल सर्वांसाठी खुला होतो त्याच्या आधी ‘प्रीसेल’ असतो. जो जास्त तास स्वयंसेवा करतो तो सर्वांत आधी आत जातो, मग विक्रेते, मग नव्या आया, मग बाकीचे. श्रमाला मान मिळतो, हे वरवर न्याय्य वाटतं. पण कामाच्या दिवशी दुपारी सहा तास कोण देऊ शकतं? ज्याला रजा मिळते तो, किंवा ज्या घरात एकाच्या पगारावर भागतं ते. ज्या आईला तासाच्या पगारावर दोन नोकऱ्या कराव्या लागतात, ती शनिवारी येते तेव्हा हिवाळी कोट, चांगले बूट, दोन बाळांची ढकलगाडी हे सगळं गेलेलं असतं. अर्ध्या किमतीचा दिवस असतो खरा, पण त्या दिवशी उरलेलं अर्ध्या किमतीत मिळतं, हवं ते नव्हे. आमच्या धंद्यात रांगेला अग्रक्रम देताना एक प्रश्न विचारावा लागतो: सर्वांत मागच्याचा नंबर कधी तरी लागतो का? इथे लागतो, पण फार उशिरा. काही सेल नव्या आयांना आणि पालक म्हणून मुलं सांभाळणाऱ्या कुटुंबांना आधी सोडतात, हे स्तुत्य आहे. ते अपवाद न राहता नियम व्हावं.

तिसरा आक्षेप खेळण्यांबद्दल, आणि तो सेलपेक्षा आपल्यावर जास्त आहे. कपडा पुरेनासा होतो ते अंग ठरवतं. तिथे वाद नाही. खेळणं पुरेनासं झालं की नाही हे कोण ठरवतं? बहुधा बाप, शुक्रवारी रात्री, मुलं झोपल्यावर. कानेमन, नेच आणि थेलर या तिघांनी १९९० साली कपांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. हातात आलेल्या साध्या कपासाठी माणसं, न मिळालेल्यांच्या तुलनेत, सुमारे दुप्पट किंमत मागू लागली. मोठ्यांचं एका कपासाठी असं होतं, तर चार वर्षं उशाशी झोपलेल्या अस्वलाचं काय? ‘टॉय स्टोरी’चा २०१०चा तिसरा भाग मुलांपेक्षा बापांना रडवून गेला. तिथे कॉलेजला निघालेला अँडी आपली खेळणी एका लहान मुलीच्या हातात स्वतः देतो, एकेकाचं नाव सांगून. सेलमध्ये नेमकं हेच होऊ शकत नाही. टॅगवर क्रमांक असतो. नाव लिहायला रकाना नसतो.

काही घरांत मुलांनाच किंमत ठरवायला लावतात, विक्रीचे पैसे त्यांना देतात आणि त्याला व्यवहारज्ञानाचा धडा म्हणतात. मला हा धडा अर्धाच पटतो. पैशाची ओळख व्हावी, हे खरं. पण आपल्या प्रत्येक आवडत्या वस्तूची शेवटी एक विक्रीची किंमत असते, हे सात वर्षांच्या मुलाला इतक्या लवकर कळायलाच हवं का? आमच्या घरी नियम असा आहे की खेळण्याला मुलं स्वतः निरोप देईपर्यंत टॅग लागत नाही. त्यामुळे आमचं बेसमेंट भरलेलं आहे. मला त्याची खंत नाही.

आता आपल्या मंडळींविषयी थोडं स्पष्ट बोलतो. आपण दुसऱ्याने वापरलेली मोटार घेतो, दुसऱ्याने वापरलेलं घर तर तीस वर्षांच्या कर्जावर घेतो, पण दुसऱ्याच्या मुलाने वापरलेला कोट म्हटलं की आपला आवाज खाली येतो. “आम्ही इथे येऊन मुलांना जुने कपडे घालतो असं तिकडे कळलं तर?” ही भीती मी चांगल्या शिकलेल्या लोकांकडून ऐकली आहे. ज्या संस्कृतीत बाळाला पहिलं अंगडं जुन्या धुवट लुगड्याचं घालायचं, कारण नवं कापड त्याच्या अंगाला टोचतं. ज्या घरात आजीच्या नऊवारीची गोधडी झाली की तिच्यावर झोपण्यासाठी भांडणं होत, त्या घरातून आलेल्यांना ही लाज कुठून आली? जुनं वापरण्यात आपल्याला कधीच कमीपणा नव्हता. अनोळखी माणसाचं जुनं वापरण्यात होता. आणि इथे तर आपण सगळेच एकमेकांना अनोळखी म्हणून आलो. मग ही लाज इथे बाळगण्यात काय हशील?

याच लाजेची दुसरी बाजू म्हणजे भारतात जाताना बॅगेत भरलेले जुने कपडे. “तिकडे कोणाला तरी होतील” हे वाक्य आपल्या प्रत्येकाच्या घरात बोललं जातं. ते ‘कोणीतरी’ कोण, ते बहुधा ठरलेलं नसतं. इथे जे विकायला आपल्याला संकोच वाटतो, ते तिथे दान म्हणून द्यायला वाटत नाही. यात उदारपणा किती आणि ढीग हलवण्याची सोय किती, हे ज्याने त्याने आपल्या बॅगेला विचारावं.

सेलमध्ये न विकलेल्या आणि दान म्हणून दिलेल्या कपड्यांचं पुढे काय होतं, हेही माहीत असावं. धर्मादाय दुकानांत त्यातला काही भागच विकला जातो. उरलेला गाठोड्यांनी व्यापाऱ्यांकडे जातो आणि मग समुद्रापार: घानामध्ये अक्राचा कांतामांतो बाजार, केनियात नैरोबीचा गिकोंबा. आणि काही लोकरी माल कांडला बंदरातून भारतात शिरून हरयाणातल्या पानिपतला पोचतो. तिथे त्याच्या चिंध्या करून, रंग वेगळे काढून, पुन्हा सूत कातलं जातं आणि स्वस्त ब्लँकेटं विणली जातात. पानिपत म्हटलं की मराठी माणसाला दुसरंच काही आठवतं. पण आपल्या मुलांचे आखूड झालेले स्वेटरही तिथे जाऊन पडत असतील, हे ध्यानात ठेवायला हरकत नाही. ‘दिलं’ म्हणजे ‘संपलं’ नव्हे. चार मैलांवरच्या मुलाच्या अंगावर गेलेला कोट हा समुद्रापार गेलेल्या दहा कोटांपेक्षा चांगला वापरला गेला, असं माझं मत आहे.

तर एकंदर निकाल काय? कन्साइनमेंट सेल ही मला आवडलेली, नीट रचलेली आणि आपल्यासारख्या भावंडांविना राहणाऱ्या कुटुंबांना खरोखर उपयोगी पडणारी संस्था आहे. कोट, बूट, सायकली, ढकलगाड्या, तीन महिन्यांत आखूड होणारे झोपायचे कपडे यांच्यासाठी तिला तोड नाही. तिथे उजळ माथ्याने जावं, विकावं, घ्यावं, आणि डिकीतून पिशवी काढताना इकडे तिकडे पाहू नये. मात्र ज्याच्यात कोणाचे हात आणि वेळ गेले आहेत, ज्याला ब्रँड नाही आणि नाव आहे, ते तिच्या टेबलावर नेऊ नये. तिला ते मोजता येत नाही, आणि त्यासाठी तिला दोष देण्यात अर्थ नाही.

त्या वस्तूंसाठी आपल्याच मंडळाने काहीतरी करावं, असं मला सुचवावंसं वाटतं. गणपतीच्या आणि दिवाळीच्या कार्यक्रमात सभागृहाच्या एका कोपऱ्यात एक टेबल. परकर-पोलकी, कुर्ते, धोतर-उपरण्यांचे लहान जोड, कुंच्या, विणलेले स्वेटर, मराठी गोष्टींची पुस्तकं. किंमत नाही. टॅगच्या जागी एक चिठ्ठी: कोणी शिवलं, कोणी वापरलं, कुठल्या वर्षी. घेणाऱ्याने खाली आपल्या मुलाचं नाव लिहावं आणि पुरेनासं झालं की परत आणून ठेवावं. बारकोड लागणार नाही, हवं तर नोंदींचं काम मी करीन. आईने विणलेला तो स्वेटर पहिला माल म्हणून आणायला मी तयार आहे. त्यात कोपरांशी अजून पुष्कळ माया शिल्लक आहे.